टेन्शनमुळे पाळी लांबते म्हणतात, पण डोक्यातलं टेन्शन ओव्हरीपर्यंत पोचतं कसं?

सांजसावली:
नमस्कार सगळ्यांना. वय तिशीच्या अलीकडे, पाळी आधी नेहमी वेळेवर यायची. गेल्या काही महिन्यांपासून ती पुढे पुढे जातेय, एकदा तर दीड महिना उलटून गेला तरी पत्ता नाही. घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी विचारलं टेन्शन आहे का, आता ते आहेच, कामाचं प्रेशर आहे, घरात आजारपण चालू आहे, झोप धड होत नाही, जेवणाच्या वेळा गेल्या आणि त्यात मीच हट्टाने जिम पण वाढवलंय कारण तेवढाच एक तास माझा असतो. तर ते म्हणाले स्ट्रेसमुळे होतं, रिलॅक्स राहा. बस, एवढंच.

उत्तर चुकीचं वाटत नाहीये, पण मला ते समजलेलं नाही. टेन्शन डोक्यात, पाळी पोटात, मधे नक्की काय घडतं? आणि पाळी उशिरा येते म्हणजे ओव्ह्युलेशन उशिरा होतं की होतच नाही? आम्ही बाळाचा विचार करतोय म्हणून हे जास्तच डोक्यात फिरतंय. जो भेटतो तो म्हणतो टेन्शन सोड की राहील, आणि ते ऐकलं की अजून टेन्शन येतं. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, थोडं टेक्निकल असलं तरी चालेल.

किनारा:
सांजसावली, तुझा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर "रिलॅक्स राहा" यापेक्षा खूप मोठं आहे. मी हॉर्मोन्सच्याच विषयात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

पाळी पोटात असली तरी तिची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, भूक, झोप, शरीराचं तापमान, स्ट्रेस हे सगळं तोच बघतो. तिथे काही थोड्याच पेशी, माणसात साधारण हजार-दोन हजार, जीएनआरएच नावाचं हॉर्मोन सोडतात. ते खाली पिट्युटरी ग्रंथीला जातं, पिट्युटरी एफएसएच आणि एलएच सोडते, ही दोन रक्तातून ओव्हरीला पोचतात, मग फॉलिकल, म्हणजे बीज असलेली छोटी पिशवी, वाढतं, इस्ट्रोजेन तयार होतं, शेवटी बीज बाहेर पडतं, तेच ओव्ह्युलेशन. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. खरी गंमत याच्या पुढे आहे.

जीएनआरएच सतत वाहत नाही, ते ठोक्याठोक्यांनी सुटतं. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्यात साधारण तासा-दीड तासाला एक ठोका, ओव्ह्युलेशननंतर तो मंदावून तीन-चार तासांवर जातो. ठोके जलद असले की पिट्युटरी एलएचकडे झुकते, हळू असले की एफएसएचकडे. १९७८ साली अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल यांच्या टीमने माकडिणींवर एक प्रयोग केला. मेंदूतला तो भाग निकामी केला आणि जीएनआरएच बाहेरून दिलं. तासाला एक ठोका दिला तेव्हा एलएच-एफएसएच व्यवस्थित परत आले, आणि तेच हॉर्मोन सलग देत राहिले तेव्हा दोन्ही खाली पडले! दारावर अधूनमधून टकटक झाली तर आतला माणूस उठतो, सतत वाजतच राहिलं तर लक्ष देणं सोडून देतो, तसंच काहीसं. म्हणजे हॉर्मोन आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, ठोका कोणत्या लयीत पडतोय त्यावर सगळं ठरतं.

आता तुझा मुद्दा. स्ट्रेस बिघडवतो ती ही लय. स्ट्रेस आला की हायपोथॅलॅमसच सीआरएच नावाचं दुसरं हॉर्मोन सोडतो, त्यातून शेवटी अ‍ॅड्रिनल या किडनीवरच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे स्ट्रेसचं हॉर्मोन वाढतं. सीआरएच, कॉर्टिसॉल आणि मेंदूतली स्वतःची एंडॉर्फिन्ससारखी रसायनं, हे सगळे मिळून जीएनआरएचचे ठोके मंद करतात. आणि हे बऱ्याच अंशी किसपेप्टिनच्या पेशींमार्फत होतं. किसपेप्टिन म्हणजे जीएनआरएचच्या पेशींना "चल, सोड आता" असं सांगणारं प्रोटीन. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या टीम्सना दिसलं की ज्यांच्यात किसपेप्टिनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याचा निरोप घेणारी जागा, बिघडलेला असतो त्यांना वयात येणंच जमत नाही, तेव्हा त्याचं महत्त्व सगळ्यांच्या लक्षात आलं. जीएनआरएचच्या पेशींना इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर स्वतःला नसतो, किसपेप्टिनच्या पेशींना असतो. त्यामुळे ओव्हरीची खबर, अन्नाची खबर, स्ट्रेसची खबर अशा बऱ्याच गोष्टी आधी किसपेप्टिनपर्यंत येतात आणि मग पुढे जातात.

ठोके मंद झाले की फॉलिकल हळू वाढतं किंवा मधेच थांबतं. इस्ट्रोजेन एका पातळीच्या वर, साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, दोनेक दिवस टिकलं तरच मेंदू एलएचची मोठी लाट सोडतो, आणि ती लाट सुरू झाल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. इस्ट्रोजेन तिथपर्यंत पोचलंच नाही तर लाट नाही, आणि लाट नाही तर ओव्ह्युलेशन नाही. ओव्हरीत बिघाड काहीच नसतो, तिला वरून हुकूमच आलेला नसतो. याचा पुरावा पण आहे, अशा बायकांना छोट्या पंपाने दर ६० ते ९० मिनिटांनी जीएनआरएचचा ठोका दिला की त्यांची ओव्हरी नीट काम करायला लागते.

तुझा दुसरा प्रश्न, उशिरा की होतच नाही? दोन्ही होऊ शकतं. पण एक गोष्ट नीट लक्षात घे, बीज सुटल्यानंतरचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, बहुतेकींना १२ ते १४ दिवस. मागेपुढे होतो तो आधीचा काळ. म्हणजे पाळी दोन आठवडे लांबली तर बहुतेक वेळा ओव्ह्युलेशनच दोन आठवडे लांबलेलं असतं. त्यामुळे पाळीच्या आदल्या आठवड्यात जे टेन्शन होतं त्याच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही, त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे कसे गेले ते आठवून बघ.

रानपाखरू:
किनारा, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

सांजसावली, तुझं जेवणाच्या वेळा गेल्या आणि जिम वाढवलंय हे वाक्य वाचून थांबले. मी लांब पल्ल्याचं धावते. एक काळ असा होता की पाळी बंद झाली आणि मला ते चांगलंच वाटत होतं, धावणाऱ्या बऱ्याच मुलींना तसंच वाटतं, कटकट गेली म्हणून. पण ते चांगलं नसतं गं. माझ्या स्पोर्ट्स डॉक्टरनी समजावलं की शरीराला व्यायामानंतर शिल्लक किती ऊर्जा उरते ते महत्त्वाचं. अ‍ॅन लाउक्स नावाच्या संशोधिकेने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. १९९८ मध्ये तिने दाखवलं की एलएचचे ठोके बिघडतात ते व्यायामाच्या ताणामुळे नाही, खाणं कमी पडल्यामुळे. व्यायाम तितकाच ठेवून खाणं वाढवलं तर ठोके नीट राहतात. मग २००३ मध्ये एरवी व्यायाम न करणाऱ्या, पाळी नियमित असलेल्या तरुण मुलींवर केलं तेव्हा चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ३० किलोकॅलरीच्या खाली गेल्यावर ठोके मंद झाले. आणि तेही फक्त पाच दिवसांत! पाच दिवसांत वजन काट्यावर फार दिसत पण नाही, मेंदूला मात्र कळलेलं असतं.

म्हणून मी बारीक नाही, माझं वजन नॉर्मल आहे, मग मला हे कसं होईल, असा विचार करू नकोस. वजन नॉर्मल असून पण होतं. मी जिम सोड म्हणत नाहीये, तो तुझा एक तास आहे हे कळतंय, पण त्या तासाचं खाणं दिवसात कुठेतरी भरून काढ.

किनारा:
रानपाखरू, +१. यात अजून एक भर घालते कारण हे सांजसावलीच्या केसला फार लागू पडतं. २००७ मध्ये माकडिणींवर एक अभ्यास आला. काहींना फक्त मानसिक ताण दिला, ओळखीच्या जागेतून उचलून नव्या जागेत ठेवलं. काहींचं फक्त खाणं थोडं कमी केलं आणि व्यायाम दिला. एकेकटं दिलं तेव्हा फार थोड्यांची पाळी बिघडली, दोन्ही एकत्र दिलं तेव्हा बहुतेकींची. म्हणजे थोडं टेन्शन, थोडी कमी झोप, थोडं कमी खाणं, थोडा जास्त व्यायाम, प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर "एवढं काय त्यात" अशीच वाटते, पण मेंदू त्यांची बेरीज करतो. म्हणूनच एकीला मोठ्या दुःखात पण पाळी वेळेवर येते आणि दुसरीला साध्या वाटणाऱ्या धावपळीत पण चुकते. यात मन कमकुवत असण्याचा काही संबंध नाही.

निखळ:
मी नवरा या नात्याने वाचतोय, आमच्याकडेही हाच विषय चालू आहे. एक बेसिक शंका. पाळी येतेय म्हणजे बीज सुटतंय असं धरायचं का? आणि घरच्या घरी कळायला ते एलएचचं किट वापरावं का? बायकोला डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यानंतर पाळी आली, तर आम्ही समजलो की सगळं सुरळीत झालं.

किनारा:
निखळ, नाही, ब्लीडिंग झालं म्हणजे ओव्ह्युलेशन झालंच असं नसतं. बीज न सुटता पण गर्भाशयाचं अस्तर पडून रक्तस्राव होऊ शकतो. आणि त्या गोळ्या बहुतेक प्रोजेस्टेरॉनच्या असतात, त्या बंद केल्या की अस्तर पडतं, म्हणजे पाळी गोळीने आणलेली असते, मेंदूतला ठोका सुधारलाय की नाही ते त्यातून कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचं पण तसंच, दर महिन्याला ब्लीडिंग होतं पण मूळ प्रश्न झाकलेला राहतो.

किट लघवीतलं एलएच दाखवतं. उपयोगी आहे, पण लाट आली एवढंच त्यातून समजतं, बीज सुटलंच याची खात्री मिळत नाही. पीसीओएस, म्हणजे लोक ज्याला पीसीओडी म्हणतात ते, असेल तर एलएच मुळातच वर असू शकतं, मग किट उगाच पॉझिटिव्ह दाखवत राहतं. खात्रीसाठी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी असते. ती "एकविसाव्या दिवशी" करा असं सरसकट सांगतात पण ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे. पाळी ४० दिवसांची असेल तर एकविसाव्या दिवशी बीज सुटलेलंच नसणार, रिपोर्ट कमी येणार आणि बिचारी उगाच घाबरणार. पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी ती करायची असते, म्हणजे ४० दिवसांच्या पाळीत तेहेतिसाव्या दिवसाच्या आसपास. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आलं की बीज सुटलं असं धरतात.

अबोलीफूल:
मी आयव्हीएफमधून, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून गेलेली आहे, सांजसावलीने लोकांच्या बोलण्याबद्दल लिहिलं त्यावर मला बोलायचंय कारण तेच सगळ्यात जास्त बोचतं.

"टेन्शन सोड की राहील" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी मला वाटायला लागलं की सायकल (उपचाराची एक फेरी) फेल होते ती मी रडते म्हणून. मग माझ्या काउन्सेलरने २०११ चा एक अभ्यास दाखवला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, आधीचे १४ अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांपेक्षा जास्त बायकांची माहिती बघितली होती. उपचाराआधी कोण किती चिंतेत होती यावरून त्या सायकलला प्रेग्नन्सी राहील की नाही हे ठरत नव्हतं. मी ते वाचून खूप रडले, पण हलकं वाटलं. जिला कुणाला आत्ता हे ऐकायची गरज असेल तिच्यासाठी लिहितेय, तुझ्या रडण्यामुळे काही बिघडलेलं नाही.

आणि किनारा, ते जीएनआरएच सलग दिलं की एलएच-एफएसएच खाली पडतात हे वाचून आत्ता कळलं की मला सुरुवातीला जी इंजेक्शनं दिली होती ती नक्की कशासाठी होती.

किनारा:
अबोलीफूल, हो, तेच तत्त्व. स्वतःच्या मेंदूची लाट वेळेआधी येऊ नये म्हणून तसं करतात. तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. फक्त वाचणाऱ्यांसाठी एक बारीक फरक सांगते. आयव्हीएफमध्ये फॉलिकल वाढवायचं आणि बीज पिकवायचं काम इंजेक्शनं करतात, म्हणजे मेंदूचा ठोका जवळजवळ बाजूलाच ठेवलेला असतो. त्यामुळे त्या अभ्यासावरून नैसर्गिक ओव्ह्युलेशनवर स्ट्रेसचा परिणाम होत नाही असं म्हणता येणार नाही.

नैसर्गिकरीत्या प्रयत्न करणाऱ्यांवर २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, ५०१ जोडपी घेतली होती. लाळेतलं अल्फा-अमायलेज, हे स्ट्रेसचं एक माप आहे, ते ज्यांच्यात सगळ्यात जास्त होतं त्या गटात दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता २९ टक्के कमी दिसली. कॉर्टिसॉलशी मात्र संबंध दिसला नाही. म्हणजे परिणाम असू शकतो, पण २९ टक्के कमी म्हणजे राहणारच नाही असं नव्हे, त्यातल्या बऱ्याच जणींना दिवस राहिलेच. म्हणून कुणाला "तुझ्या टेन्शनमुळेच राहत नाही" असं तोंडावर सांगणं शास्त्राला धरून पण नाही आणि माणुसकीला धरून पण नाही.

सांजसावली:
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काय बोलू. दोन गोष्टी विचारते. आधीच्या सोनोग्राफीत ओव्हरीत बऱ्याच छोट्या गाठी दिसतात, पीसीओडी असेल, वजन कमी करा असं लिहून दिलं होतं. जिम वाढवण्यामागे ते पण एक कारण होतं. मग आता हे स्ट्रेसचं की पीसीओडीचं? आणि स्ट्रेसचंच असेल तर त्याला उपचार असतो का, की नुसतं वाट बघायची?

किनारा:
बरं झालं हे लिहिलंस, हाच सगळ्यात फसवा भाग आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात, अर्धवट वाढलेली फॉलिकल्स असतात, आणि ती पीसीओएसमध्ये दिसतात तशी स्ट्रेस-खाणं-व्यायाम या कारणाने पाळी बिघडलेल्या बऱ्याच बायकांमध्ये पण दिसतात. आत मात्र उलटं चाललेलं असतं. पीसीओएसमध्ये जीएनआरएचचे ठोके बहुधा जास्तच जलद असतात, एलएच वर असतं, पुरुषी हॉर्मोन्स वाढलेली असतात, चेहऱ्यावर जाड केस, मुरुमं वगैरे. दुसऱ्या प्रकारात ठोके मंद, एलएच कमी किंवा नॉर्मलच्या खालच्या टोकाला, इस्ट्रोजेन कमी. आता ठोके आधीच मंद असलेल्या मुलीला वजन कमी कर, व्यायाम वाढव सांगितलं तर ती अजून खोल जाते. मला याची खरंच काळजी वाटते कारण हा सल्ला सरसकट दिला जातो. तुला कुठलं आहे ते इथे बसून मी सांगू शकत नाही, नुसत्या सोनोग्राफीवरून कुणीच ठरवू नये.

म्हणून नीट तपासणी करून घे. पाळी तीन महिने आली नाही किंवा सतत ४५ दिवसांच्या वर जात असेल तर थांबायचं नाही. प्रेग्नन्सी टेस्ट परत एकदा, मग टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हॉर्मोन), एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि पुरुषी हॉर्मोन्स. एफएसएच यासाठी की ओव्हरी लवकर थकण्याचा प्रकार चाळिशीच्या आत पण होतो आणि तेव्हा एफएसएच वर जातं. प्रोलॅक्टिन स्ट्रेसने, अगदी सुई टोचायच्या भीतीने पण थोडं वाढतं, काही उलटीच्या आणि मानसोपचाराच्या औषधांनी तर बरंच वाढतं, त्यामुळे थोडं जास्त आलं तर शांतपणे बसून परत एकदा देतात. सोबत डोकेदुखी, नजरेत फरक किंवा स्तनातून दूध येणं असेल तर मात्र लगेच दाखवायचं. स्ट्रेस हे कारण बाकी सगळं वगळल्यावर लावायचं असतं, पहिल्याच भेटीत नाही.

उपचार आहे. २००३ मध्ये सारा बर्गा यांच्या गटाने याच त्रासाच्या १६ बायका घेतल्या, आठ जणींना २० आठवडे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी दिली, ज्यात खाणं, व्यायाम, स्वतःकडून असलेल्या अपेक्षा या सगळ्यावर बोलतात, आणि आठ जणींवर नुसतं लक्ष ठेवलं. थेरपीवाल्यांपैकी सात जणींची ओव्हरी परत चालू झाल्याचं दिसलं, बाकीच्यांत फक्त दोघींची. अभ्यास छोटा आहे, तरी औषधाशिवाय, बोलण्यातून हॉर्मोन्स परत आले ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. म्हणजे "रिलॅक्स राहा" ऐवजी खरं तर काउन्सेलर आणि डाएटिशियनची चिठ्ठी मिळायला हवी.

नुसती वाट बघू नको याचं अजून एक कारण म्हणजे हाडं. इस्ट्रोजेन बरेच महिने कमी राहिलं की हाडं विरळ होतात. पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर हाडांची घनता, डेक्सा स्कॅन, बघून घेतात.

रानपाखरू:
हाडांचं अगदी खरं, मला पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हाच पाळीकडे पहिल्यांदा कुणीतरी लक्ष दिलं. खाणं वाढवल्यावर पाळी लगेच आली नाही, काही महिने लागले, तेवढा धीर धर. आणि बाळ नको असेल त्या काळात पाळी बंद आहे म्हणून बिनधास्त राहू नये हे पण सांगते, कारण पाळी परत यायच्या आधी बीज सुटतं, त्याच वेळी दिवस राहू शकतात.

सांजसावली:
हे सगळं कागदावर उतरवून घेतलंय. दुसऱ्या गायनॅकची अपॉइंटमेंट घेतली, तपासण्यांची यादी घेऊन जाणार आहे, आणि एलएच किती आहे ते आधी विचारणार. घरचं आजारपण मी थांबवू शकत नाही, पण जेवणाची वेळ आणि झोप हे माझ्या हातात आहे, ते आजपासून. रिपोर्ट आले की इथेच लिहिते.

अबोलीफूल:
नक्की लिही. आणि अपॉइंटमेंटला एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी सोबत ने, डॉक्टर भराभर बोलतात तेव्हा दोन कान जास्त असलेले बरे पडतात.